पहिला दाग देवाचा

"सरळ रेघ दिसली की सोडून द्यायची, पप्पा. तिरकी दिसली की हे लाल बटण," हर्षदा म्हणाली आणि डोळे मिटून पुन्हा उशीवर पडली. सलाइनची सुई टोचलेला हात मात्र तिने लॅपटॉपवरून काढला नव्हता.

सुकदेवने पडद्याकडे वाकून पाहिलं. करड्या रंगाचा चौकोन होता आणि त्यात बारीक ठिपकेच ठिपके. दोन-तीन ठिकाणी उभ्या रेघा.

"हाई आभाय शे?" त्याने विचारलं.

"आभाळातून रेडिओच्या लहरी येतात, त्यांचं चित्र. मोठी दुर्बीण रात्रभर ऐकत बसते. कधीतरी एखादी लहर झपकन येऊन जाते. पापणी लवायच्या आत संपते. कुठून येते, कशाने येते, कुणाला धड माहीत नाही. ती शोधायची."

"मंग मशीन काय करस?"

"मशीनला नाही कळत ने बराबर! विमान गेलं, कुणाचा मोबाईल वाजला, तरी ते चित्र काढून ठेवतं. शेवटी माणसाने डोळ्यांनीच बघावं लागतं."

मशीनला कळत नाही, हे ऐकून सुकदेवच्या जिवाला जो गारवा वाटला तो त्या वॉर्डातल्या एकाही पंख्याने दिला नव्हता. पावसाळा सरता सरता सुरतेच्या या डिंडोली वस्तीत सगळीकडे डेंगी पसरला होता. एकेका कॉटवर दोन दोन माणसं झोपवली होती, आणि त्या गर्दीत हा गडी गालातल्या गालात हसत होता. समोरच्या कॉटवरच्या म्हातारीने त्याच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

त्याला कारण होतं. बमरोलीच्या एका लूमच्या कारखान्यात सुकदेवने उभी हयात कापड तपासण्यात घालवली होती. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, काचेच्या टेबलावर पसरायचा, काचेखाली ट्यूबलाइट लावायची आणि तार तुटलेली, जाळी पडलेली, तेल सांडलेलं असेल तिथे लाल खडूने खूण करायची. गावाकडून, अमळनेरच्या बाजूने, तो मिसरूड फुटायच्या आधी सुरतेला आला होता. टेबलापाशी उभा राहिला तो केस पिकेपर्यंत तिथेच. त्याची नजर अशी होती की ताका पळता असतानाही तो म्हणे, "थांब, मांगे घे," आणि मागे घेतल्यावर दाग तिथेच सापडे. मग यंदा होळीनंतर शेठने टेबलावर कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला पगार लागत नव्हता, हे खरं कारण. पण ते सांगायला शेठला लाज वाटली असावी. म्हणून त्याने सगळ्या कारीगरांसमोर सांगितलं, "सुकदेवभाई, हवे आंखो गई तमारी." आता डोळे गेले तुमचे. माणसाला कामावरून काढायचं तर काढावं. त्याच्या डोळ्यांवर कशाला थुंकावं?

तेव्हा एकटी हर्षदा त्याच्या बाजूने उभी राहिली होती. एम.एस्सी.ला जाणारी, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशीही हळू आवाजात बोलणारी पोरगी, दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकात गेली आणि शेठला सगळ्यांदेखत सुनावून आली, "मारा पप्पानी आंखो तमारा कॅमेरा करतां सारी छे!" माझ्या वडिलांचे डोळे तुमच्या कॅमेऱ्याहून चांगले आहेत. नोकरी परत मिळाली नाही. पण सुकदेव त्यानंतरचे महिने त्या एका वाक्यावर जगला, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

आणि आता त्याच पोरीचं नशीब अडकलं होतं. कॉलेजातले नायकसर चार मुलांना हाताशी धरून आकाशातल्या या रेघा शोधायचं काम करत. वर्षभर ज्याचं काम चोख होईल त्याला ते पुण्याला संशोधनाच्या जागेवर पाठवणार होते. जागा एक. हर्षदा सगळ्यांत पुढे होती. तिच्या मागोमाग पल्लवी नावाची तिची मैत्रीण. शेवटच्या आठवड्याच्या रात्री तपासायला वाटून दिल्या आणि हर्षदा तापाने फणफणली. उजेडाकडे बघितलं की तिची बुबुळं ठणकत. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायची सक्त मनाई केली. चित्रं दुसऱ्या कुणाला दाखवायची नाहीत, ज्याची त्याने बघायची, अशी सरांचीही सक्त ताकीद होती.

"सरांना सांगितलं असतं आजारी आहे म्हणून," हर्षदा डोळे मिटूनच म्हणाली, "पण मग माझ्या रात्री पल्लवीला देतील. गेलंच मग पुणं."

"तुना डोया दुखतस," सुकदेव म्हणाला, "मना डोया काय दवाखानामा शेतस का? दे ते इकडे."

पायथ्याशी बसलेली त्याची बायको पुष्पाबाई फळं कापत होती. ती म्हणाली, "आते ह्या आभायना ताका तपासतीन! कारखाना पुरना नही."

हर्षदा हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. आणि तिने लॅपटॉपवरचा हात काढला.

सुकदेव घरी आला, दुपारच्या वेळी खोलीचा पडदा ओढला आणि कॉटवर मांडी घालून बसला. पुष्पाबाई दवाखान्यात. घरात तो आणि आकाश. पहिल्या दिवशी त्याने हर्षदाने सांगितलं तसंच केलं. तिरकी रेघ दिसली की लाल. जरा कलती दिसली तरी लाल. संध्याकाळी मोठ्या हौसेने लॅपटॉप दवाखान्यात घेऊन गेला. हर्षदाने एक डोळा किलकिला करून यादी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"पप्पा! इतकी लाल? अहो, ह्यात अर्धी विमानं आहेत. सर हसतील मला. खात्री असेल तरच दाबा ने!"

"खात्री कशी करानी?"

"तुम्हाला कळतं की. इतकी वर्षं काय केलं तुम्ही?" ती म्हणाली आणि ग्लानीत गेली. त्या रात्री तिच्या प्लेटलेट आणखी उतरल्या, आणि मग दोन दिवस तिला काही विचारण्याची सोय राहिली नाही.

इतकी वर्षं काय केलं तुम्ही! बोलणाऱ्याने बोलून टाकलं, पण सुकदेवने ते गाठीला बांधलं. घरी येऊन त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा पाहायला घेतलं, आणि आता त्याने पाहिलं ते आपल्या पद्धतीने. एक रात्र म्हणजे एक ताका.

ही पद्धत काय ती सांगायला हवी, कारण ती कुठल्या पुस्तकात नाही. बमरोलीत ताका तपासणारे बहुतेक खानदेशातले, आणि मागावर उभे राहणारेही त्यांच्यातलेच: कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाच्या गावचा पोर. ताक्यावर लाल खूण पडली की कारीगराची मजुरी कापली जाई. आता बारा तास मागापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला एखादी डुलकी लागणारच. म्हणून टेबलावर जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. सुकदेवला ती त्याच्या मामाने शिकवली होती: "पहिला दाग देवना, दुसरा कारीगरना." ताक्यात एकच दाग दिसला, पुढे मागे कुठेच तसा नाही, तर तो पाहायचा आणि सोडून द्यायचा. तोच दाग पुन्हा पुन्हा आला तर मागच बिघडलाय किंवा माणूस निष्काळजी आहे. तिथे खडू चालवायचा, दयामाया नाही. एका दागाने व्यापारीही कुरकुरत नसत. शेठला हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. सुकदेवने मात्र या रीतीने किती घरांच्या चुली विझू दिल्या नव्हत्या, आणि त्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. कुणाला सांगायचं नाही, हाही रीतीचाच भाग होता. कॅमेऱ्याला अर्थातच देव माहीत नव्हता.

तर सुकदेव डोळ्यांत तेल घालून बसला. काही रात्रींत तिरक्या रेघा ठोक्याठोक्याने येत होत्या, एकीमागे एक, सारख्या अंतरावर. तिथे त्याने बिनधास्त लाल केलं. कललेली विमानं त्याला आता ओळखू येऊ लागली; ती जाडीभरडी असत. ठिपक्यांच्या गर्दीत दडलेल्या रेघाही त्याने ओढून काढल्या. काम हातात बसत चाललं होतं. तीन दिवसांत तो जेवायचं दोनदा विसरला.

चौथ्या दुपारी ती दिसली.

एक रात्र अगदी स्वच्छ होती. विमान नाही, मोबाईल नाही. चित्रामागून चित्र कोरं जात होतं आणि मध्येच एका चित्रात, वरून खाली, किंचित वळण घेत उतरणारी एक रेघ. इतकी बारीक की दुसऱ्या कुणी ती ठिपक्यांत जमा केली असती. सुकदेवचा हात थांबला. तो पुढे वाकला. रेघ कुठेही तुटलेली नव्हती. वर दाट, खाली विरत गेलेली. त्याला ती फार आवडली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने पुढची सगळी रात्र पाहिली, मागची सगळी रात्र पुन्हा पाहिली. तशी रेघ कुठेच नव्हती.

एकच होती.

तो पुन्हा त्या चित्रावर आला. लाल बटणावर त्याचं बोट होतं. हर्षदाने सांगितलेलं तो विसरला होता असं नाही. तिरकी म्हणजे लाल, हे त्याला पाठ होतं. पण खात्री असेल तरच, हेही तिनेच सांगितलं होतं, आणि खात्रीचा त्याला ठाऊक असलेला मार्ग एकच होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्याने स्वतःशीही कबूल केली नसती. किती महिन्यांत त्याने कुणाला माफ केलं नव्हतं. ज्याच्या हातात खडू नाही, तो माफ तरी कुणाला करणार? आज पुन्हा त्याच्या हातात ते होतं.

"जाऊ दे भो," तो पडद्याला म्हणाला. "झोप लागनी व्हई."

आणि त्याने ती रेघ सोडून दिली. मन त्याचं इतकं भरून आलं की उठून त्याने चहा केला, त्यात आलं घातलं, आणि दारात उभा राहून तो समाधानाने प्यायला.

हर्षदा घरी आली तेव्हा काम वेळेत पोचलेलं होतं. नायकसरांनी मुलांची परीक्षा घ्यायला त्या रात्रींत काही ओळखीच्या ताऱ्यांचे ठोके मुद्दाम मिसळून ठेवले होते. हर्षदाच्या नावावर एकही सुटला नव्हता. सरांचा तसा निरोप आला तेव्हा तिने अशक्त पायांनी उठून सुकदेवच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, "बघितलं? त्या शेठला बोलावून आणा आता!" पुष्पाबाईने देवापुढे साखर ठेवली. ती सगळी मिळून चार दिवस फार आनंदात होती.

पाचव्या दिवशी हर्षदा कॉलेजातून लवकर परत आली. चप्पल न काढता आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

"काय व्हयनं?" सुकदेवने विचारलं. "कसाले रडस बेटा?"

झालं होतं ते असं. सर प्रत्येक रात्र दोघांना देत, एकमेकांना न सांगता. ती स्वच्छ रात्र पल्लवीकडेही होती. पल्लवीने ती रेघ धरली होती. आणि ती रेघ म्हणजे साधीसुधी नव्हती. पृथ्वी जन्मायच्या आधी कुठल्यातरी दूरच्या ठिकाणाहून निघालेली, एकदा चमकून संपलेली, परत कधी येईल न येईल अशी. सगळे ज्यासाठी वर्षभर डोळे फोडत होते ते हेच. सरांनी दोघींच्या नोंदी समोरासमोर लावल्या. हर्षदाच्या लॅपटॉपवर ते चित्र बराच वेळ उघडं होतं. दोनदा उघडलं होतं. आणि नाकारलं होतं. सरांनी विचारलं, का? तेवढ्यात पल्लवीने वेळ पाहिली आणि म्हणाली, "सर, उस टाइम तो मैं इसके पास हॉस्पिटल में बैठी थी. इसको तो ड्रिप चालू थी."

सफरचंदं घेऊन आली होती पल्लवी त्या दुपारी. आपलेच दात, आपलेच ओठ.

"मी सांगून टाकलं मग, पप्पांनी बघितली म्हणून," हर्षदा म्हणाली. "उद्या तुम्हाला बोलावलंय. पण मी सरांना म्हटलं, काहीतरी लॅपटॉपचाच प्रॉब्लेम असेल. चित्र अडकलं असेल. माझ्या पप्पांना दिसली असती तर त्यांनी सोडलीच नसती. बराबर ने?"

सुकदेवच्या तोंडात सगळं आलं होतं. मामा, टेबल, पहिला दाग. ते तसंच त्याने गिळलं. त्याने ठरवलं की उद्या सरांनाच सांगू. शिकलेला माणूस आहे, रीतभात समजून घेईल. चूक झाली, पण आंधळेपणाने नाही झाली, एवढं तरी पोरीसमोर कळेल.

सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. कॉलेजात नायकसरांच्या खोलीत सर होते, पल्लवी होती आणि आणखी दोन मुलं भिंतीशी उभी होती. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी मागवलं. आवाज इतका मऊ की सुकदेवला धीर आला.

"चाचा, मैं गुस्सा नहीं हूं," सर म्हणाले. "मेरे लिए दो ही बातें हैं. या तो आपको वो लाइन दिखी नहीं. तो ठीक है, उमर है, आंखें हैं. लड़की बीमार थी, गलती कर बैठी. वो हफ्ता हम दोबारा देख लेंगे, बात खतम. या फिर आपको दिखी, और आपने छोड़ दी. तो मतलब हर्षदा ने आपको सिखाया ही गलत. जिसको खुद इतना नहीं समझता कि ये एक ही बार आती है, उसका पूरे साल का काम मैं कैसे मानूं? फिर वो मेरे ग्रुप में नहीं रहेगी. बताइए, दिखी थी?"

सुकदेवने हर्षदाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, मान ताठ करून, जशी ती शेठच्या फाटकात उभी राहिली असेल. तिला आता खात्री होती की पप्पा म्हणतील, असं काही चित्र माझ्यासमोर आलंच नाही.

"नहीं दिखी, साब," सुकदेव म्हणाला.

"मगर आप उस पर बहुत देर रुके थे."

"आंख में पानी आता है, साब. पोंछ रहा था. बहुत दिन से आता है. घर में किसी को बोला नहीं."

सर भला माणूस होता, पण शास्त्राचा माणूस होता. नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सरांनी दिवा मालवला आणि प्रोजेक्टरवरून भिंतीवर चित्रं लावली, मोठी करून. "बस जो दिखे वो बता दीजिए."

पहिल्या चित्रात रेघ होती. सुकदेवला ती खोलीत शिरतानाच दिसली असती. तो म्हणाला, "कुछ नहीं." दुसऱ्यात दोन होत्या; एक ठळक, तिच्या शेजारी एक अगदी पुसट, जी बहुधा सरांनाही माहीत नव्हती. तो डोळे बारीक करून पुढे झुकला, भुवयांवर हात धरला. सगळंच नाही म्हटलं तर ढोंग उघडं पडेल हे त्याला कळत होतं. उभ्या जन्मात जे डोळे त्याने नेमकं बघायला घासले होते, तेच आता नेमकं चुकवायला वापरायचे होते. त्याने ठळक रेघेच्या वीतभर बाजूला बोट ठेवलं. "यहां कुछ है क्या, साब?"

भिंतीशी उभ्या मुलांपैकी एकाला हसू आलं. त्याने ते खोकल्यात दडवलं.

मग सरांनी ती रेघ लावली. तीच. भिंतीवर ती आणखी देखणी दिसत होती. वर दाट, खाली विरत गेलेली. सुकदेवने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काय बिघडलं असतं तेव्हा बोट टेकवलं असतं तर! पोरीचं पुणं त्याच्या बोटाखाली होतं आणि त्याने त्यावर चहा प्यायला होता.

"इसमें?" सरांनी विचारलं.

"इसमें तो साब, पूरा सफेद दिखता है."

"पप्पा," हर्षदा हळूच म्हणाली, "नीट बघा ना. ही इथे. एवढी मोठी केलीय."

"माले दिसत नही बेटा," तो म्हणाला.

सरांनी दिवा लावला. मग त्यांनी सुकदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुठल्यातरी डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. हर्षदाला म्हणाले, वर्षाचं काम राहील, आठवडा तेवढा पुन्हा करायचा. आणि जाता जाता, फाइल उचलत, जेवणाची वेळ सांगावी तसं म्हणाले, "पूना के लिए पल्लवी का नाम भेज रहा हूं. नियम तो तोड़ा ही था तुमने." पल्लवी खाली बघत होती. तिला वाईट वाटत असेलही.

रिक्षात दोघं दोन कडांना बसली. उधना दरवाजा मागे पडला, पुलाखालचा सिग्नल लागला. तिथे हर्षदा बोलली.

"म्हणजे शेठ खरं बोलत होता."

सुकदेव बाहेर बघत होता.

"आणि मी त्याला सगळ्यांसमोर शिव्या देऊन आले. दिसत नव्हतं तर कबूल करायचं ना, पप्पा! एवढी कसली हौस स्वतःच्या डोळ्यांची? माझं अख्खं वर्ष... मी म्हणत होते, लॅपटॉप अडकला असेल. सगळे हसत होते मागे."

"चुकनं मनं," तो म्हणाला.

"चुकलं म्हणून काय होणार आहे?" ती म्हणाली. डिंडोलीला उतरून रस्ता ओलांडताना तिने त्याचं मनगट धरलं. प्रेमाने नाही, आंधळ्याचं धरतात तसं घट्ट धरलं आणि त्याला ओढत पलीकडे नेलं. समोरून येणाऱ्या मोटरसायकलीची नंबरप्लेट त्याला चौकातून वाचता येत होती. तो निमूटपणे ओढला गेला.

त्यानंतर घराने त्याच्या आंधळेपणाला हळूहळू सवय करून घेतली. सायकलला कुलूप लागलं. पुष्पाबाई त्याला गॅसजवळ फिरकू देईना. "ऱ्हाऊ द्या, तुमले दिसत नही," हे तिच्या तोंडी बसलं. डॉक्टरकडे जायचं त्याने टाळलं. वय झालं, आता काय करायचंय, असं म्हणाला. तिथे गेला असता तर डॉक्टर खरं बोलला असता. बातमी बमरोलीला पोचली तेव्हा जुने कारीगर भेटायला आले. त्यांतल्या एकाने त्याच्या तोंडासमोर बोटं नाचवून विचारलं, "कितला शेतस, आप्पा?" बोटं तीन होती. सुकदेव म्हणाला, "दोन का रे?" सगळे चुकचुकले. ज्या माणसाच्या नावावर आजवर एकाही ताक्याची तक्रार नव्हती, त्याची कीव करत त्यांनी त्याच्याच घरचा चहा घेतला. ज्याने बोटं नाचवली, त्याला एका डुलकीसाठी त्याने कितीदा सोडलं होतं, हे तो आता सांगणार तरी कसा?

पल्लवी पुण्याला गेली त्या दिवशी हर्षदा स्टेशनावर तिला पोचवायला जाऊन आली. घरी येऊन तिने खिचडी टाकली. डाळ-तांदूळ निवडायचं काम नोकरी गेल्यापासून सुकदेवकडे होतं. आता ते तिने घेतलं होतं, आणि आज तिचं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक.

ती ताट वाढून त्याच्यासमोर बसली. "इथे खिचडी, इथे कांदा, पाणी उजव्या हाताला," तिने सांगितलं. आवाजात राग उरला नव्हता. त्या जागी नर्सच्या आवाजात असतं तसं काहीतरी आलं होतं, आणि सुकदेवला तो रागच बरा वाटला असता.

खिचडीत खडा होता. तुरीच्या डाळीच्याच रंगाचा, तेवढाच. त्याने तो ताट खाली टेकायच्या आत पाहिला होता. बोटं तिथवर गेली. हर्षदा त्याच्या बोटांकडे बघत होती. त्याने तो घास खड्यासकट उचलला आणि तोंडात घातला.

दाताखाली आवाज झाला तसं तिने दचकून विचारलं, "काय झालं? खडा होता का?"

"व्हता वाटस. माले दिसना नही."

"थांबा," ती म्हणाली. तिने ताट आपल्याकडे ओढलं, दिव्याखाली धरलं, आणि वाकून, एकेक दाणा बाजूला सारत, सगळी खिचडी निवडून पाहिली. तिला दुसरा खडा सापडला नाही. तो कांद्याच्या फोडीला चिकटलेला होता. "आता नाही काही. खा बिनधास्त," ती म्हणाली आणि तिने ताट परत त्याच्यापुढे सरकवलं.

सुकदेवने कांद्याची ती फोड उचलली. या वेळी त्याने आवाज होऊ दिला नाही.